जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर

माझा दादा दात बनवतो. खरे नाहीत, कवळ्या. लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतोय का बघायचं, नाही जुळला की काढून पुन्हा बसवायचा. पंचवीस वर्षं हेच. घाई म्हणजे काय, त्याला ठाऊकच नाही. बायको निघाली तेव्हाही हा "बघू, बोलू सावकाश" म्हणत बसला. ती मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात गेली आणि मी दादाकडे राहायला आले.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. फोनवर बापाशी चार शब्द, तेही मोजून. हो, नाही, जेवलो, ठेवतो. पण दर रविवारी दुपारी तीनला दोघं आपापल्या घरून एकच गेम खेळायचे, आणि तेव्हा मात्र पोराच्या तोंडाला खळ नसायचा. शाळा, मित्र, आईचं नवं ऑफिस, सगळं त्या गोळीबारात कळायचं. बाप म्हणून दादाच्या वाट्याला एवढेच दोन तास उरले होते.

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि दादाचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. ऐन वेळी चित्र थिजायचं आणि याच्यापायी दोघंही हरायचे. "बाबा, प्रोसेसर बदला ना," पोरगा म्हणाला. दुकानदाराने दोन रस्ते सांगितले. आहे त्याच मदरबोर्डवर बसेल असा जास्त ताकदीचा प्रोसेसर घ्या, नाहीतर बोर्ड, मेमरी, प्रोसेसर सगळंच नवं घ्या.

दुसऱ्या कोणी आठवड्यात ठरवलं असतं. दादाने चार महिने घेतले. चौकटीच्या वहीत तुलना मांडली, खोडली, पुन्हा मांडली. सोमवारी नवा बोर्ड, गुरुवारी जुनाच. "सगळं नवं घे आणि मोकळा हो," मी वैतागून म्हणाले. त्याने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून दाखवलं. आत बोर्डावरच, मोकळ्या कडेला, मार्करने वेडंवाकडं लिहिलं होतं, 'मी आणि बाबांनी जोडला'. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

"हा बोर्ड काढायचा नाही," दादा म्हणाला. तिकडे पोरगा म्हणायला लागला होता, "तुमचं होऊ दे बाबा, तोवर मी मित्रांबरोबर खेळतो."

शेवटी एकदाचं ठरलं, बोर्ड तोच. माप चुकायला नको म्हणून दादाने जुना प्रोसेसर काढला, कवळीच्या डबीत घातला आणि आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, जुना दिलात तर किमतीत धरतो. दादा घुटमळला. "असू दे ना घरात," म्हणाला.

"ठेवून काय लोणचं घालायचंय?" हे मी म्हणाले. मीच. तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्याने डबी रिकामी केली.

घरी येऊन त्याने नवा बसवला. दात बसवणारे हात ते, एक पिन वाकली नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. दुकानदार फोनवर म्हणाला, बोर्ड जुना आहे, तो हा प्रोसेसर ओळखत नाही. ओळखायला बोर्डात नवं सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि ते भरताना जुना प्रोसेसर जागेवर असावा लागतो. आणि जुना तर त्याने तासाभरातच विकला होता. तसा दुसरा त्याच्याकडे नव्हता. "तुम्ही विचारलंच नाही, काका," वर हे. चार महिने वही भरली आणि त्यात नेमकं एवढंच नव्हतं.

तसा दुसरा प्रोसेसर मिळून, बोर्डात सॉफ्टवेअर भरून नवा बसेपर्यंत पाच रविवार गेले.

सहाव्या रविवारी गेम झकास चालला. दादा दाढी करून, स्पीकर लावून पावणेतीनपासूनच बसला होता. तीनला त्याने पोराला हाक दिली. पलीकडे पोरांचा गलका चालला होता, स्पीकरमधून मलाही ऐकू येत होता.

"झाला, बाबा? भारी," पोरगा म्हणाला. "पण आमची टीम चौघांची असते. भरलीय आता. कोणी आलं नाही तर सांगतो तुम्हाला, चालेल?"

"चालेल ना," दादा म्हणाला. "अरे, आपला बोर्ड तोच ठेवलाय हं."

"कुठला बोर्ड?" पोराने विचारलं. तेवढ्यात त्यांचा खेळ सुरू झाला आणि त्याचा आवाज बंद झाला.

दादा अजूनही रविवारी तीन ते पाच तिथं बसतो. मी ऊठ म्हटलं की म्हणतो, कोणी आलं नाही तर सांगणार आहे तो. अजून एकाही रविवारी त्या चौघांतलं कोणी गैरहजर राहिलेलं नाही.