आधी हात, मग खरारा

माणसांशी बोलताना माझ्या सासूच्या जिभेला हाड नसायचं; पण घोडीजवळ जाताना त्या आधी वर्दी द्यायच्या. "मी हाय गं, चंद्रे," म्हणत तळहात तिच्या खांद्यावर ठेवायचा, मगच पुढचं काम. पेडगावात सगळी वस्ती त्यांना जिजी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळीनंतर कळप चरायला बाहेर पडला की पाल, भांडी, नवी कोकरं, सगळं चंद्रीच्या पाठीवर. मी मानवतच्या बाजारपेठेत वाढलेली, बकरीलासुद्धा भ्यायचे. नवी नवरी म्हणून आले आणि आठवड्यातच जिजींनी घोडीचं अंग घासायचा लोखंडी खरारा हातात दिला. मी मागून गेले आणि कढई घासावी तसा सपाटा लावला. घोडी उडाली, मी शेणात बसले. जिजी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "न सांगता लागलेला हात चोराचा असतोय. तिला दिसंल अशी ये. आधी हात, मग खरारा."

खरारा त्या आधी स्वतःच्या दंडावर फिरवून बघायच्या. "आपल्याला बोचतंय ते तिला बोचत न्हाई व्हय?" तोंडावर नुसतं ओलं फडकं. शेपटीचा गुंता खालच्या टोकापासून सोडवायचा. "लय घाई करायलीस तू," हे मी वर्षभर ऐकलं. मग एकदा चंद्रीनं माझ्या हाताखाली मान सैल सोडली, डोळे मिटले. जिजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालं नसेल.

मागच्या वर्षी जिजींची डावी बाजू गेली, वाचाही गेली. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं, तर कुणी हात लावला की अंग चोरायच्या. केसांच्या जटा झाल्या. नणंद म्हणाली, "वैनी, कापूनच टाकू. आयला तरास होयलाय." जिजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना सगळं कळत होतं.

मी त्यांना दिसेन अशी उजवीकडून गेले. "मी हाय, जिजी." खांद्यावर तळहात ठेवला. फणी आधी माझ्या दंडावर फिरवली. ते बघून त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. टोकापासून एकेक गुंता सोडवत दुपार कलली. एकही केस कापावा लागला नाही. जिजींनी डोळे मिटले आणि मान माझ्या हातात सैल सोडली.

थंडी सरता सरता त्या गेल्या. शेवटच्या अंघोळीला बायकांनी लगबगीनं तांब्या उचलला, तेव्हा मी त्यांना थांबवलं. गार खांद्यावर तळहात ठेवून म्हणाले, "मी हाय, जिजी." न सांगता त्यांना हात लावणं मला जमलं नाही.