चढावरचा डायनॅमो

काल भंगारवाल्याच्या हातगाडीवर सायकलचा जुना डायनॅमो दिसला. उचलून त्याचं इवलं चाक अंगठ्यानं फिरवलं, तर आत लोहचुंबक अडून अडून फिरलं. भोवती तारेचं वेटोळं, मध्ये फिरणारं चुंबक, एवढ्यावर वीज होते. पण फुकट नाही, फिरवणाऱ्याच्या अंगातूनच ती निघते.

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलला असाच डायनॅमो होता. तिन्हीसांजेला तो टायरला टेकवून ते कामावरून निघायचे. आम्ही मायलेकी ओट्यावरून वाट बघायचो. सपाटीवर दिवा लख्ख असायचा. घराखालच्या चढावर पाय मंदावले की तोही पिवळा, मिणमिणता व्हायचा. आई लगेच म्हणायची, "चढ लागला गं त्यांना, चहा टाक." अप्पा दारात येईस्तोवर चहाला उकळी आलेली असायची. दमलो, असं ते कधी म्हणाले नाहीत.

आता माझा मुलगा बॅटरीच्या स्कूटरवरून कामावरून येतो. चढावरही दिवा तसाच लख्ख असतो. मी खिडकीत उभी असते, आणि चहा कधी टाकायचा ते मला कळत नाही.