मुद्देमाल वाळवणारे मामा

वाळत घातलेल्या जुडीतून मामा एक काडी ओढून काढायचे, कानाजवळ न्यायचे आणि मोडायचे. काडी नुसतीच वाकली तर ती परत जुडीत खोचायचे. "न्हाय बोलली. अजून पाणी हाय पोटात." कट्‌ असा आवाज झाला की मात्र चेहरा खुलायचा. "बोलली की! आता भराय हरकत न्हाय."

ती काडी गांजाची असायची आणि मामा पोलीस हवालदार होते. गैरसमज नको म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

राधानगरीच्या वाटेवरच्या आमच्या गावात पोलीस ठाण्याच्या समोर माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, रेशनकार्डाचे फोटो हे नेहमीचं काम. आणि अधूनमधून ठाण्यातून हाक यायची. अपघात, घरफोडी, विहिरीत सापडलेलं प्रेत. कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि रस्ता ओलांडायचा. एखाद्या ठाण्याच्या मागच्या बाजूला तुम्ही कधी डोकावला असाल तर जप्त मालाची खोली तुम्हीही पाहिली असेल. गंजलेल्या सायकली, कोयते, दारूचे कॅन, कुणाच्या तरी दाराची कडी. आमच्याकडच्या त्या पत्र्याच्या खोलीचा कारभार मामांकडे होता. पोलिसांना सगळेच मामा म्हणतात, पण आमच्या गावात नुसतं मामा म्हटलं की ते हेच.

उंच, किंचित वाकलेले, मिशी पांढरी आणि केस काळे. घर निपाणीच्या बाजूला, अगदी सीमेवर. आईला अव्वा म्हणायचे. बोलणं असं मोठ्यानं की खासगी गोष्टसुद्धा माझ्या दुकानात बसून ऐकू यायची. ठाण्यात कुणीही आलं, तक्रारदार असो की आरोपी, पहिला प्रश्न एकच, "पावणं, जेवलासा काय?"

मुद्देमाल म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कोर्टानं सांभाळायला दिलेली वस्तू. ती जशी आली तशीच परत गेली पाहिजे. एकदा झुंजीच्या अड्ड्यावरून दोन कोंबडे जप्त झाले. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि मामांनी सहा महिने ते पाळले. एकमेकांचा जीव घेतील म्हणून मधे जप्तीतलाच एक दरवाजा आडवा लावला. ठाण्याच्या तपासणीला वरचे साहेब आले, खोलीच्या दारात थबकले.

"हे काय आहे?"

"मुद्देमाल, साहेब. क्रमांक चौदा आन पंधरा."

तेवढ्यात एक कोंबडा आरवला. साहेबांनी मामांकडं पाहिलं.

"चौदा नंबर, साहेब," मामा म्हणाले.

गांजाचं प्रकरण अवघड असे. आमच्या डोंगराकडच्या भागात कुणीतरी उसाच्या आड, विहिरीच्या कडेला चार झाडं लावतं. दिवाळीच्या सुमाराला ती शेंड्याला भरतात आणि त्याच वेळी कुणीतरी ठाण्यात चुगली करतं. झाडं उपटून, प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंबून आणली जायची. मामा येण्याआधी ती पोती तशीच खोलीत टाकत. आठ दिवसांत आत वाफ धरायची, काळी बुरशी यायची आणि कोर्टात तारीख लागेपर्यंत पोत्यात नुसता घाण वासाचा लगदा उरायचा.

मामांनी ते बंद केलं. त्यांचे वडील सीमेवरच्या तंबाखूच्या वखारीत मजूर होते. पान कसं सुकवायचं हे मामांनी लहानपणीच पाहिलं होतं. झाडं आली की ते आधी मुळं तोडायचे, माती झटकायचे, मग चार-चार फांद्यांच्या जुड्या काथ्यानं बांधून तारेवर उलट्या टांगायचे. सावलीत. खिडकी दिवसभर उघडी. उन्हात का घालत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उन्हात वरनं वाळतंय आन आतनं ओलं ऱ्हातंय. मग हात लावला की भुगा." दहा-बारा दिवसांनी काड्या बोलायला लागल्या की शेंडे कापडी पोत्यात भरायचे, पण तोंड लगेच शिवायचं नाही. दर दोन दिवसांनी पोतं उघडायचं, माल हातानं वर-खाली करायचा, पुन्हा बांधायचं. "घाम येतोय त्येला. घाम जिरू द्यावा लागतोय." असं तीन आठवडे. मग लाखेची मोहर.

ते दिवस ठाण्याच्या आवारात वास दरवळायचा. शेजारच्या दूध डेअरीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या. मामांना गावानं 'गांजावाले' अशी पदवीही दिली होती. आणि या माणसानं जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. तंबाखू नुसती कुणी मळली तरी त्यांना शिंका सुरू व्हायच्या.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. तिच्यात मीही आहे, आणि बरा दिसत नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कायदा नुकताच बदलला होता आणि गांजाची शिक्षा वजनावर ठरू लागली होती. वीस किलोंच्या वर माल असेल तर किमान दहा वर्षं. ठाण्याला नवे साहेब आले होते, तरुण, धडाडीचे. त्यांनी डोंगराकडच्या एका वाडीवर छापा घातला. मला जीपमधून नेलं.

उसाच्या दोन सऱ्यांमध्ये सतरा झाडं निघाली. लावणारा पन्नाशीचा माणूस, गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. स्वतःच्या चिलमीपुरती आणि भजनातल्या दोघा-तिघांपुरती लावली होती म्हणाला. पहाटे पाऊस पडून गेला होता. झाडं मुळासकट उपटली तेव्हा प्रत्येकाच्या बुडाला नारळाएवढं ढेकूळ होतं. तशीच ती खताच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. सत्तावीस किलो. मी फोटो काढले: काटा, झाडं, मुळांची ओली काळी माती, शेजारी उभे साहेब. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, सत्तावीस किलो गांजा जप्त.

मामांनी नेहमीप्रमाणे काम सुरू केलं. आरोपी तेव्हा कोठडीत होता. कोठडीच्या गजांतून त्याला खोलीचं दार दिसायचं.

"हवालदार, खिडकी जरा लावून घ्या, वारं लई लागतंय मालाला," तो आतून ओरडला.

"गप बस! मला शिकवतंय," मामा ओरडले. थोड्या वेळानं उठले आणि खिडकी अर्धी लावली.

या वेळी मामांनी एक गोष्ट जास्त केली. दोन पंच बोलावून रोज वजन केलं आणि रजिस्टरात सही घेतली. वजन उतरत गेलं. शेवटी हिशेब असा झाला: झटकलेली माती सहा किलो, वाळलेली मुळं आणि दांडकी अडीच किलो, पानं-शेंडे तीन किलो दोनशे ग्रॅम. उरलेलं सगळं पाणी होतं, ते उडून गेलं.

साहेबांनी रजिस्टर पाहिलं आणि दार लावून घेतलं. दार लावून उपयोग नव्हता, मामांचा आवाज माझ्या काउंटरपर्यंत येत होता.

"साहेब, जप्तीचं वजन सत्तावीस हाय, त्ये मी खोडलं न्हाय. पन वाळल्यावरचं जे हाय त्येच मी लिवणार."

संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले.

"फोटोवालं, मुळाच्या मातीचा फोटो हाय न्हवं तुमच्याकडं?"

दुपारीच साहेब येऊन गेले होते. 'नुसत्या काट्यावरच्या आकड्याचा आणि माझा फोटो द्या, बाकीचे नकोत,' असं सांगून गेले होते. वर, ठाण्याचं सगळं काम पुढंही तुमच्याकडंच ठेवू, असंही म्हणाले होते.

"मामा, त्या रोलमधले पुढचे फोटो खराब निघाले," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काउंटरवरची काच पुसत होतो.

"असू दे, असू दे. हुतंय कधीकधी," ते म्हणाले.

मग मीच विचारलं, "तुम्ही कशाला पडताय यात? गुन्हा तर त्यानं केलाच आहे ना?"

"केलाय की. मी कुठं सोडा म्हणतोय? शिक्षा हुईना का त्येला. पन गांजाची हू दे. मातीची आन पाण्याची कशाला?"

एवढं म्हणून ते उठून गेले. निगेटिव्ह माझ्या खणात होती.

वर्षभरानं कोर्टात साक्ष झाली. त्या दिवशी छाप्याचा फोटोग्राफर म्हणून मीही बाकावर बसलो होतो. मामा तीन पोती घेऊन आले. सरकारी वकील त्यांच्यावर चिडलेले आणि आरोपीचे वकील त्यांना खोटं पाडून खटलाच उडवायला टपलेले, अशी दोन्हीकडून कोंडी होती.

"पंचनाम्यात सत्तावीस किलो, तुमच्याकडं तीन किलो. बाकीचा माल कुठं विकला हवालदार?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं. लोक हसले.

"माती ह्या पोत्यात हाय. मुळं-दांडकी ह्या पोत्यात. गांजा ह्या पोत्यात. पाणी मला धरून ठेवता आलं न्हाय, साहेब."

न्यायाधीश बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं, रोजच्या सह्या एकेक करून पाहिल्या आणि पोती कोर्टात पुन्हा मोजायला लावली. वजन तेवढंच भरलं. निकालात पखवाजवाल्याला तीन वर्षं झाली. दहा नाहीत. तो हात जोडून मामांच्या दिशेनं बघत होता, पण मामा मोहरा पुन्हा बसवण्यात गुंतले होते.

साहेबांनी ते सोडलं नाही. मामांनी मुद्देमालात फेरफार केला, अशी खात्यात चौकशी लागली. माती काय, कुठूनही पोतंभर आणता येते, असा त्यांचा मुद्दा होता. मला बोलावणं आलं. झाडं उपटली तेव्हा मुळांना माती होती का, एवढाच प्रश्न होता.

"नीट आठवत नाही," मी सांगितलं. "फोटो खराब निघाले."

मामा दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाले, "च्या घेतलासा काय?"

चौकशीत काहीच सिद्ध झालं नाही. तरी बदली झाली, ती गगनबावड्याला. जिथं पावसाळ्यात अंगावरची बनियनसुद्धा चार दिवस वाळत नाही, अशा ठिकाणी. ठाण्यातले शिपाई हसायचे. मामा मात्र एक ट्रंक आणि वळकटी घेऊन मुकाट एसटीत बसले.

पुढच्या दिवाळीत ठाण्यात गांजाची दोन पोती आली. प्लॅस्टिकची. पंधरा दिवसांत वास रस्त्याच्या पलीकडं, माझ्या दुकानात यायला लागला. तो वाळत्या गांजाचा वास नव्हता, कुजल्याचा होता. मी खण उघडला, निगेटिव्ह बाहेर काढली आणि तिचा मोठा प्रिंट केला. काट्यावर सतरा झाडं, प्रत्येकाच्या मुळाला ढेकूळ. इतकी स्वच्छ माती मी दुसऱ्या कुठल्या फोटोत पकडली नसेल.

श्रावणात तो घेऊन गगनबावड्याला गेलो. तोवर प्रिंट खणातच पडून होता. वळणावळणाच्या रस्त्यात मला गाडी लागली होती. मामा ठाण्याच्या पडवीत शेगडीपुढं बसले होते. भोवती ओलसर रजिस्टरं उभी करून ठेवलेली, आणि ते एकेक पान हळूच सोडवत होते.

"आलासा काय! बसा की. लिंबू देऊ? तोंड पांढरं पडलंय तुमचं."

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी हात विजारीला पुसले, फोटो कडेनं धरला, उजेडाकडं नेला.

"मामा, रोल खराब नव्हता," मी म्हणालो.

"मला ठावं हुतं."

"मग बोलला का नाही? चौकशीत नाव घ्यायचं माझं."

"तुमचं दुकान ठाण्याच्या म्होरं. मी आज हितं, उद्या तिथं. तुमास्नी रोज त्याच लोकांस्नी तोंड द्यायचं." मग पुन्हा फोटोकडं बघत म्हणाले, "झ्याक आलाय की. ढेकळात गांडूळसुद्धा दिसतोय. असा फोटो कोर्टात असता तर पोती वाहायचा तरास वाचला असता माझा."

ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांनी फोटो पाकिटात घालून मला परत दिला. "माझ्याकडं ठेवून काय करू? हितं बुरशी धरंल."

त्यांनी मला भाकरी आणि वाटाण्याची उसळ खाऊ घातली. परतीच्या गाडीला सोडायला छत्री घेऊन आले. ती आमची शेवटची भेट. पुढं ते निवृत्त होऊन सीमेवरच्या आपल्या गावी गेले आणि दोन वर्षांत झोपेतच वारले, हे मला फार नंतर, एका बदलून आलेल्या शिपायाकडून कळलं.

त्या दिवशी स्टँडवर धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरची एसटी दिसत नव्हती, नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मामा मला दारापर्यंत घेऊन गेले आणि कंडक्टरला, ठाण्यात आरडायचे तसं ओरडून म्हणाले, "ह्या पावण्यास्नी म्होरच्या शिटावर बसवा. वळणात तरास हुतोय त्यास्नी. खिडकी उघडी असू दे!"

गाडी सुटली. मी काच सरकवली. मामा दिसले नाहीत, छत्रीही नाही. पांढऱ्या धुक्यातून आवाज तेवढा येत राहिला, कंडक्टरला पुन्हा पुन्हा बजावणारा, "उघडी असू दे वो, उघडी!"