समुद्राचा चढ

माझ्या खेळात फिरंगी व्हायला कुणी तयार नसे, हेच त्या खेळाचं दुखणं होतं. बाकी सगळं मी झकास जुळवलं होतं. जव्हारच्या आमच्या ओसरीवर खडूने खाडी आखली, चिंचोक्यांची आपली गलबतं केली आणि सुपारीचं फिरंग्यांचं जहाज. लढाई वडिलांनी सांगितलेल्या आरमाराच्या गोष्टींतली: जहाजाने खाडीत शिरून किल्ला गाठायचा, गलबतांनी त्याला घेरायचं. दान कवड्यांचं. खाडीत वर चढणाऱ्याला निम्मंच दान, कारण पाणी उताराकडेच जातं. सूर्यमाळच्या डोंगरातले ओढे पाहिलेल्या पोरीला हे कुणी शिकवायला नको होतं. समुद्र मात्र मी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे सारीपाट मांडत. त्याच्या जागी माझा खेळ मांडा, असा हट्ट मी धरला. "आतोबा फिरंगी व्हायला तयार झाले, तर मांडू," वडील म्हणाले. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, समुद्रकाठच्या डहाणूचे. निम्म्या दानाचा नियम ऐकून त्यांना हसू आवरेना.

"अगं, समुद्राला कधी चढ असतो का? तो काय खोडाळ्याचा घाटरस्ता आहे? भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं."

सगळेच हसले. रागाने माझे डोळे भरून आले, पण कान उघडे होते.

"मग चढही फिरेल," मी म्हटलं. "सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या, की पाणी उलटलं. आता व्हा फिरंगी."

आतोबा बसले. भरती त्यांच्या बाजूने होती. जहाज सुसाट आत आलं, किल्ला हाताशी आला, आणि नेमक्या माझ्या हातून कवड्या पालथ्या पडल्या. ओहोटी! एवढं जड जहाज आता गाळात रुतणारच, हे आतोबांनीच कबूल केलं. डहाणूचे ना ते. माझे चिंचोके भोवती जमले.

"पुन्हा मांड," आतोबा म्हणाले. "आणि फिरंगी मीच."

वडिलांनी सारीपाट गुंडाळून फडताळात ठेवला. मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे लग्नानंतर ह्यांच्याबरोबर डहाणूला गेले, तेव्हा पहिल्यांदा खाडी पाहिली. ओहोटी लागली होती. पाणी उतारावरून निघावं तसं बाहेर चाललं होतं आणि गाळात एक मोठं गलबत कलंडून पडलं होतं. "पाहिलंस का कधी असं?" ह्यांनी विचारलं.

"पाहिलंय काय," मी म्हटलं, "आमच्या ओसरीवर मीच केलंय."