शकुंतलाबाईंचं पुस्तकदर्शन

सात रस्त्याजवळच्या त्या वाचनालयात बायकांना वर्षातून एकदाच प्रवेश होता, आणि दिवसही असा निवडलेला, की त्या दिवशी पुस्तक वाचणं पाप. खंडेनवमी! पुस्तकं कपाटांतून काढून टेबलांवर रचायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही. बायकांनी यावं, कुंकू लावावं, हात जोडावेत, खोबऱ्याचा तुकडा घ्यावा आणि मुकाट घरी जावं. केवढी ही कृपा! मुलींच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवणाऱ्या शकुंतलाबाई दरवर्षी हे कुंकू लावून यायच्या आणि घरी येऊन भांडी आपटायच्या.

ही सगळी व्यवस्था ग्रंथपाल वेणीमाधवपंतांची. कपाळाला गंध, गालात तंबाखूचा विडा, आणि समोर गजांची खिडकी. कपाटांपाशी कुणालाच जाऊ द्यायचं नाही. खिडकीतून पुस्तक मागायचं आणि पंत देतील ते घ्यायचं. माणसाकडे बघून पंत त्याची लायकी ठरवत. वकिलाला इतिहास, कारकुनाला कादंबरी, आणि कारकुनाच्या बायकोला व्रतवैकल्यं. स्वतःबद्दल मात्र एकच वाक्य होतं, "इतिहासाचं कपाट? आम्ही कोळून प्यालोय!"

शकुंतलाबाईंचे यजमान एकनाथराव गिरणीच्या कचेरीत कारकून. सभासद तेच, कारण बाईंना सभासद करून घ्यायची सोय नव्हती. बाईंनी सांगायचं एक, आणि एकनाथरावांनी आणायचं भलतंच.

"अहो, मी दक्षिणेच्या इतिहासाचा दुसरा खंड सांगितला होता. हे काय, सोळा सोमवार?"

"पंत म्हणाले, तो खंड बाहेर गेलाय."

"गेल्या वर्षीही बाहेरच होता. काशीयात्रेला गेलाय की काय?"

एकनाथराव टोपी खुंटीला अडकवत आणि हातपाय धुवायला मोरीकडे वळत. माणूस भला, पण पंतांच्या खिडकीपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

यंदा बाईंना तो खंड हवाच होता. वर्गात किल्ल्याच्या वेढ्याचा धडा चालू असताना मायाक्का नावाच्या पोरीनं उभं राहून विचारलं होतं, "बाई, किल्ल्याला येढा पडला की आतल्या बायका काय करायच्या वो?"

बाईंनी खडू ठेवला आणि धडा पुन्हा चाळला. शाळेच्या पुस्तकात सेनापती होते, तोफा होत्या, तहाची कलमं होती. बाई एकही नव्हती. "दसऱ्याची सुट्टी संपली की सांगते," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आपण इतकी वर्षं काय शिकवतोय, या विचारानं त्यांना घरी जेवण गोड लागलं नाही. त्यांनी स्वतः बाहेरून खिडकीशी जाऊन पंतांना गाठलं. पंतांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"बाई, इतिहास म्हणजे सुपारी. तुम्हांला फुटायची नाही. उद्या बायकांना आत सोडलं तर पहिल्यांदा कुठं धावतील? त्या वेशभूषेच्या सचित्र पुस्तकाकडे! कुठल्या प्रांतात कसा अंबाडा आणि कुठं कसली चोळी. नुसता चावटपणा! देणगीत आलं म्हणून ठेवलंय, नाहीतर मी हातसुद्धा लावला नसता."

"बघा हं पंत," बाई म्हणाल्या, "हातसुद्धा नाही?"

"सरस्वतीची शपथ!"

झालं. नवमी उजाडली. हिरव्या खणाची चोळी, नऊवारी लुगडं, अंबाड्यात शेवंती, अशा थाटात शकुंतलाबाई वाचनालयात शिरल्या. अध्यक्ष गुरुलिंगप्पा, कापडाचे मोठे व्यापारी, लोडाला टेकून पानसुपारी वाटत होते. गावातले दोन वकील होते, पाच-सहा बायका होत्या. मंद्रूप गावाकडचा शिपाई येडू नारळ फोडत होता. बाईंनी कुंकवाचा करंडा उचलला आणि पहिल्यांदाच त्या सगळ्या ढिगाऱ्यांवरून नीट नजर फिरवली. सणवार आणि रूढी, मंदिरं, परदेशातल्या चालीरीती, शिलालेख. अगंबाई, किती काय काय होतं! आणि इतिहासाच्या चळतीत, झेंडूखाली, काशीयात्रेला गेलेला दुसरा खंड आरामात पहुडला होता.

बाईंनी त्याला कुंकू लावलं आणि उघडला.

"अहो, अहो, बाई!" पंत ओरडले. "आज वाचायचं नसतं! पुस्तकं पूजेला बसलीत!"

"वाचते कुठं? दर्शन घेतेय. मिटलेल्या पुस्तकात सरस्वती कशी दिसायची?" त्यांनी पान उलटायला बोट घातलं आणि बोट अडकलं. "शिवाय वाचायचं म्हटलं तरी वाचणार कसं? पानं जोडलेलीच आहेत!"

त्या काळी जाड ग्रंथांच्या पानांच्या कडा छापखान्यातून येतानाच एकमेकींना जोडलेल्या असायच्या. वाचणाऱ्यानं चाकूनं त्या फाडत पुढं जायचं. म्हणजे पुस्तक कुणी वाचलं की नाही, हे पुस्तकच सांगायचं. बाईंनी पहिला खंड उघडला. जोडलेला. तिसरा उघडला, चौथा उघडला. सगळे जसे छापखान्यातून निघाले तसे! दोन्ही वकिलांना एकदम सुपारी कातरायचं काम आठवलं.

"कोळून प्यालात म्हणे पंत," बाईंनी विचारलं. "बाटलीचं बूच न काढताच?"

गुरुलिंगप्पा खदखदून हसले. "अय्यो पंत! ह्ये कसं जमवलं वो?"

"कोरी प्रत आहे ती," पंत गुरगुरले. "दुसरी प्रत होती. गेली... वाळवीनं."

"वाळवीला तरी गोडी लागली म्हणायची!"

बाईंचा हात आता सुटला होता. टेबलाच्या टोकाला ते वेशभूषेचं पुस्तक होतं. त्याची पाठ मोडली होती, कोपरे दुमडले होते, शिवण सुटून चित्रं बाहेर डोकावत होती. दाक्षिणात्य नर्तकीच्या अंबाड्यापासून काश्मिरी बाईच्या झुमक्यापर्यंत एकेक पान हाताळून मळलेलं. आणि जवळजवळ प्रत्येक चित्राच्या कडेला तांबडा अंगठा! काताचा, चुन्याचा, भरघोस अंगठा. नारळ हातात धरून येडू वाकून बघायला लागला.

"ह्यो ठसा वळखीचा हाय की," तो म्हणाला. "पंतांच्या टेबलावर, दारावर, माज्या कोटावर, समदीकडं हाय."

पंतांनी अंगठा मुठीत लपवला. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंना पोचवायला आलेले एकनाथराव मात्र दारातच उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा पंतांकडे सरळ बघत होते.

"मला हा दुसरा खंड हवा," बाई म्हणाल्या. "आणि पंत, पानं फाडायचा चाकू द्या."

पंतांना एवढंच हवं होतं. "चाकू? आज? तोही पूजेला बसलाय! आज हत्याराला हात लावला तर..."

बाईंनी मान वळवली. अंबाड्यातला लोखंडी आकडा ओढून काढला, शेवंतीचं फूल खाली पडलं, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी आकड्याचं टोक पानांच्या घडीत घालून सर्रकन ओढलं. वाचनालयात तेवढाच आवाज झाला. मग दुसरी घडी, मग तिसरी.

"ह्याला कुणी कुंकू लावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी अजूनही वाचत नाहीये हं, नुसती वाट करतेय."

गुरुलिंगप्पांनी डोळे पुसले. "बाई, दर मंगळवारी दुपारी तुमी या. कपाटापाशीच बसा. आनि पंत, बाईंस्नी सभासद करून घ्या. खिडकीतनं नव्हं, दारातनं."

त्यानंतरच्या मंगळवारी शकुंतलाबाई आल्या तेव्हा पंत चाकू घेऊन जमिनीवर बसले होते आणि घाईघाईनं इतिहासाच्या एकेका ग्रंथाची पानं फाडत होते. वरचा कप्पा संपला, खालचा संपला. भाजी चिरावी तसं चाललं होतं. पुढं कुणी उघडून बघितलं तर अब्रू जायला नको! पानं सगळी फाडून झाली. वाचायचं तेवढं राहिलं, ते राहिलंच.

बाईंनी दुसरा खंड शेवटपर्यंत वाचला. तोफा वाचल्या, तह वाचले, वंशावळी वाचल्या, तळटीपासुद्धा सोडल्या नाहीत. वेढ्याच्या प्रकरणात बायकांबद्दल अर्धी ओळ होती. 'बायकापोरांसह किल्ला रिता झाला.' बस्स! बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्यांना रडूच आलं. एवढ्या पहाऱ्यात ठेवलेलं धन हे?

सुट्टी संपल्यावर मायाक्का पुन्हा उभी राहिली. "बाई, घावलं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "आत बायका काय करायच्या, ते पुरुषांनी लिहिलंच नाही. आणि जे लिहिलं, ते पुरुषांनी वाचलं नाही. आता तूच शिक, आणि तूच लिही."

मग त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून मायाक्काच्या वहीवर ठेवला. "आणि हा ठेव तुझ्याकडे. पुढं तुलाही लागेल."