खडू खाली ठेवण्याचा सराव

परदेशातल्या आमच्या विद्यापीठाच्या गणित विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बीजिंगहून आलेली असिस्टंट प्रोफेसर बसते. मी संख्याशास्त्र शिकवते. ती मला ‘टीचर’ म्हणते. तिच्याकडे सहकाऱ्यांना अशीच हाक मारतात. तिचा तास मी पाहिला होता. हातात एक कागद नाही. फळा डावीकडून भरत जायचा आणि वेळ संपताना उजव्या कोपऱ्यात सिद्धता पूर्ण. मधली एक पायरी सुटायची नाही.

मागच्या स्प्रिंग सेमिस्टरमध्ये विभागप्रमुख तिला म्हणाले, “तुझ्या वर्गात कोणी प्रश्नच विचारत नाही. मी एकदा मागे येऊन बसतो.” त्या तासावर तिचं कॉन्ट्रॅक्ट ठरणार होतं आणि कॉन्ट्रॅक्टवर व्हिसा. कोणी प्रश्न विचारत नाही, हे तिला मात्र कौतुकच वाटलं.

“प्रश्न उरला म्हणजे मीच नीट शिकवलं नाही ना, टीचर?”

“इथे उलटं आहे. एक पायरी मुद्दाम गाळ आणि गप्प उभी राहा.”

रिकाम्या वर्गात सराव केला. विद्यार्थी मी. पायरी गाळली की तिचा हात आपसूक मागे जाऊन ती लिहून यायचा.

“खडू खाली ठेव.”

“ठेवला.”

“मग हा कुठला?”

खिशात दुसरा होता. दोघी हसलो, पण ती घाबरलेली होती.

घरी नवरा म्हणाला, “अगं, तू काय तिची मावशी आहेस? तिचं ती बघेल ना.”

“तू कुकर लाव,” मी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी प्रमुख मागच्या रांगेत बसले, मी त्यांच्या शेजारी. तिने पायरी गाळली, खडू ठेवला, हात मागे बांधले. मला बघवेना. शेवटी एका मुलीने हात वर केला. गाळलेल्या पायरीबद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं.

“प्रमेयाची ही पहिली अट काढून टाकली तर?”

याची तयारी कोणीच केली नव्हती. प्रमुख पुढे झुकले. त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं.

“मला माहीत नाही,” ती हळू म्हणाली.

पुण्यात शिकताना एकाही सरांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नाही. तिनेही ते आधी कधी उच्चारलं नसावं. मग तिने फळ्याची डावी बाजू पुसली आणि सगळ्यांसमोर विचार करायला लागली. दोन ओळी लिहायची, थांबायची, मान हलवून पुसायची. वर्गही तिच्याबरोबर मान हलवायचा. मागून एक मुलगा ओरडला, “उलट्या बाजूने जाऊन बघू या!” ती तशी गेली. तिथेही अडली. पूर्ण झालेल्या सिद्धता मी आयुष्यभर वाचत आले. सिद्धता शोधणारं डोकं मात्र इतक्या उघड्यावर कधी पाहिलं नव्हतं.

तास संपला. उत्तर आलं नाही. तरी कोणी उठेना.

कॉरिडॉरमध्ये प्रमुख तिला म्हणाले, “कॉन्ट्रॅक्टची काळजी सोड.” ती “थँक यू” म्हणाली आणि लगेच त्या मुलीकडे वळली, “नेमकी हीच अट काढावी असं तुला का वाटलं?” दोघी वाद घालत जिन्याने खाली गेल्या. मी पर्स घ्यायला वर्गात परतले, तर प्रमुख पुढच्या तासाच्या प्रोफेसरांना विनवत होते, “प्लीज, डावी बाजू पुसू नका.”