जपानी कुस्त्यांची वही

जपानातल्या तीसेक कुस्त्यांवर मी शेरे लिहिले आहेत, आणि जपान तर सोडाच, मी लोणावळ्याच्या पलीकडेही फारसा गेलेलो नाही. दहिवलीत आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. त्याने एका फेरीत व्हिडिओ प्लेअर आणि जपानी कुस्त्यांच्या कॅसेटींचं खोकं आणलं. शेजाऱ्यांना कुस्तीत गम्य नव्हतं, म्हणून दर रविवारी दुपारी मी तो व्हिडिओ उचलून आमच्या घरी आणायचो.

आणायचो ते थोरल्या भावासाठी. एके काळी त्याने आसपासच्या जत्रा गाजवल्या होत्या. आता नऊ वर्षं खाटेवर होता. कमरेखाली जीव नाही, मान वळत नाही. मी कचेरीतला कारकून, त्यामुळे वहीत पंचनाम्यासारखं लिहायचो: कुस्ती किती वेळ चालली, डाव कोणते पडले, निकाल काय. वर माझा शेरा. शेरे मी कडक मारायचो. ‘उंच गडी लोकांकडे बघून ओरडतो, कुस्ती कमी खेळतो.’ ‘मुखवटेवाल्याने उगाच उड्या मारल्या.’ भाऊ हसायचा. त्या घरात हसू तेवढंच होतं.

त्याची मान माझ्यामुळे मोडली, हे त्याला माहीत नव्हतं.

त्या वर्षी शुक्रवारी जत्रेतली शेवटची कुस्ती त्याची, आणि सोमवारी भिवपुरीच्या वीजघरात नोकरीची मुलाखत. हातपाय धड राहावेत म्हणून मी समोरच्या पैलवानाच्या वस्तादाला गाठलं. म्हटलं, नुरा करा. आधी ठरवून खेळलेल्या लुटुपुटीच्या कुस्तीला नुरा म्हणतात. वीस मिनिटं खेळवायचं आणि बरोबरीत सोडायचं.

“तुमच्या गड्याला म्हाईत हाय न्हवं?” वस्तादाने विचारलं.

मी हो म्हणालो. भावाला सांगितलं असतं तर त्याने मलाच आखाड्यात लोळवलं असतं. समोरच्याने त्याला उचललं ते ठरल्याप्रमाणे, हा अंग सैल सोडून पडेल या भरवशावर. हा मात्र जिवाच्या कराराने उलटा वळत होता. भाऊ मानेवर आपटला. करायला गेलो एक नि झालं भलतंच. शहाणपणा माझा, खाट त्याची.

त्या रविवारी लावलेली कुस्ती चाळीस मिनिटांच्या वरची होती. एक आडदांड परदेशी, समोर काळ्या चड्डीतला बुटका जपानी. पहिला बराच वेळ नुसती मनगटाची पकड, तरी क्षणभर कंटाळा येत नव्हता. लोक शाळेतल्यासारखे गप्प बसलेले. पुढे जपान्याचं कपाळ फुटलं. आमच्या टीव्हीत रंग नव्हते, रक्त काळं दिसलं. शेवटी परदेश्याने त्याला डोक्यावरून मागे फेकलं. मी तोंडाने बोलत लिहिलं, ‘उघड नुरा. दाद देण्यासारखं काही नाही.’

“खोड ते,” भाऊ म्हणाला.

“नुरा नाय तर काय रं दादा?”

“नुराच हाय. पन बघ, खालच्यानं स्वताच उडी घेतली, हनुवटी छातीला लावली. वरच्यानं त्याची मान हातात धरून ठेवली. एकमेकाला सांभाळतात. दोघांना म्हाईत पायजे पन. एकालाच म्हाईत असलं तर मान मोडते.”

माझं पेन थांबलं.

“त्या दिशी त्यानं मला लय हलक्या हातानं उचललं व्हतं,” तो छताकडे बघत म्हणाला. “नऊ वर्सं इचार करतोय, का म्हनून. आत्ता समाजलं. त्याला कुनी सांगितलं व्हतं रं?”

मला खोटं बोलता आलं असतं. वस्ताद केव्हाच वारला होता. पण वही मांडीवर होती, आणि पुढच्या रविवारी त्याच्यासमोर बसून मी कुणाला शेरे देणार होतो? मी सांगितलं. वीजघर, सोमवार, सगळं. रडलोही. टीव्हीत लोक टाळ्या वाजवत होते.

“कॅसेट मागं घे,” मग तो म्हणाला. “त्यानं मान कशी वाचवली, ते मला परत बघू दे.”

मी कॅसेट मागे घेतली. पुढे ती कुस्ती त्याने दर रविवारी लावायला सांगितली, तो जाईपर्यंत. वहीत तिचं पान मी शेऱ्याविनाच ठेवलं आहे.